बी.ए.ला इतिहास घेताना : मुंबईतल्या एका पदवी प्रवेशाची हकिकत

माझ्या मुलीने दहावीनंतर कला शाखा निवडली तेव्हाच पुढे इतिहास शिकायचा हे तिने ठरवून ठेवले होते. 5 मे 2025 रोजी बारावीचा निकाल लागला, तिला 84 टक्के गुण मिळाले आणि तिचा निर्णय कायम राहिला. आम्ही डोंबिवलीत राहतो, त्यामुळे कल्याण-ठाण्यापासून फोर्टपर्यंतची सगळी महाविद्यालये तत्त्वतः तिच्यासाठी खुली होती. निकालानंतर घरी आलेल्या प्रत्येकाने 'कुठल्या कॉलेजला अर्ज करणार' असे विचारले. इतिहास कुठे चांगला शिकवतात, हे मात्र कोणी विचारले नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांविषयी मराठीत भरपूर लिहिले जाते, पण साध्या बी.ए.च्या प्रवेशाविषयी फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून मे आणि जून महिन्यांत आम्हा दोघींना जे कळत गेले ते सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या प्रवेशाची रचना. अकरावीचा प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतो : एकच अर्ज, त्यात पसंतीक्रम, आणि प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त एक जागा. पदवीच्या पहिल्या वर्षाला तसे नाही. मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करणे सक्तीचे असते, तिथे गुण, कागदपत्रे आणि अभ्यासक्रम भरल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो; पण हा क्रमांक म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. तो क्रमांक घेऊन ज्या ज्या महाविद्यालयात प्रवेश हवा त्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते, आणि प्रत्येक महाविद्यालय आपली गुणवत्ता यादी स्वतः लावते. ओळखीतल्या एका मुलाने नुसती विद्यापीठाची नोंदणी केली आणि पहिली यादी लागेपर्यंत तो निर्धास्त होता. असे होऊ नये यासाठी नोंदणी झाली की त्याच दिवशी महाविद्यालयांचे अर्ज भरायला घ्यावेत. बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. हे अभ्यासक्रम अजून बारावीच्या गुणांवरच चालतात. बी.एम.एस., बी.बी.ए. आणि बी.सी.ए. हे मात्र 2024 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेच्या कक्षेत आल्यामुळे त्यांना राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. काही महाविद्यालयांनी बी.एम.एस.चे नाव बदलून तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या अंतर्गत आणला आहे, तेव्हा त्या बाजूला जाणाऱ्यांनी अभ्यासक्रमाचे नाव नीट वाचावे.

दुसरी गोष्ट आम्हाला बऱ्याच उशिरा लक्षात आली. मुंबईत असलेले प्रत्येक जुने महाविद्यालय आता मुंबई विद्यापीठाचे राहिलेले नाही. माझ्या पिढीच्या डोक्यात चित्र सरळ होते : 1857 साली स्थापन झालेले एक विद्यापीठ, फोर्टमध्ये राजाबाई टॉवर, कलिन्याला विद्यानगरी, आणि शहरातली बाकी सगळी महाविद्यालये त्याला संलग्न. आज एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही महाविद्यालये विज्ञान संस्थेबरोबर डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, आणि हे विद्यापीठ 2019 मध्ये सुरू झाले. के. सी. आणि एच. आर. ही महाविद्यालये एचएसएनसी विद्यापीठाचा भाग आहेत. महर्षी कर्व्यांनी 1916 साली सुरू केलेले महिला विद्यापीठ तर पहिल्यापासूनच स्वतंत्र आहे. या सगळ्या ठिकाणी प्रवेशाची प्रक्रिया आणि तारखा वेगळ्या असतात आणि पदवीही वेगळ्या विद्यापीठाची मिळते. रुईया, झेविअर्स यांसारखी स्वायत्त महाविद्यालये यांहून निराळी : त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची असते, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते. याउलट विद्यापीठाचे कार्यक्षेत्र शहराच्या कितीतरी पलीकडे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पोचते. त्यामुळे सावंतवाडीला बी.ए. करणारी मुलगी आणि गिरगावात बी.ए. करणारी मुलगी यांच्या पदवीपत्रावर एकाच विद्यापीठाचे नाव येते. हे समजल्यावर 'मुंबईचेच कॉलेज हवे' हा हट्ट कशासाठी धरायचा, याचा आम्हाला पुन्हा विचार करावा लागला. मुलीचे उत्तर तयार होते : इतिहास शिकायचा तर दप्तरखाने आणि ग्रंथालये जवळ हवीत.

या उत्तराला आधार होता. काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाची जी इमारत आहे, तिच्यातच राज्याचे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा दप्तरखाना, आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींचे सतराव्या शतकापासूनचे कागद तिथे आहेत. शेजारीच डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, आणि पायी जाता येईल अशा अंतरावर एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. झेविअर्समध्ये फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइट इतिहासकारांनी 1926 साली सुरू केलेली संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने चालते. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. एका विद्यार्थ्याला पदवीच्या काळात यातल्या किती कागदांना हात लावता येईल, हा प्रश्न वेगळा. पण ज्या विषयाची साधने एवढ्या जवळ आहेत तो विषय त्याच शहरात शिकावा, हे मला पटले. तेव्हापासून आमच्या शोधाची दिशा बदलली. कोणत्या महाविद्यालयाचे नाव मोठे, यापेक्षा इतिहास हा मुख्य विषय म्हणून खरोखर कुठे शिकवला जातो, हे आम्ही विचारू लागलो.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. माझ्या वेळी प्रथम वर्षाला काही विषय घ्यायचे, दुसऱ्या वर्षी त्यांतले काही गळायचे, आणि टी.वाय.ला एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन पेपर घ्यायचे, अशी पद्धत होती. नवीन शैक्षणिक धोरणात ती रचना गेली. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत हे धोरण 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाले. आता पहिल्या वर्षापासूनच मेजर (मुख्य विषय) ठरते, त्याच्या जोडीला मायनर (दुय्यम विषय) येतो, दुसऱ्या विद्याशाखेतला ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो, आणि भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे अभ्यासक्रम यांचे श्रेयांक (क्रेडिट) वेगळे असतात. एका सत्राचे साधारण 22 श्रेयांक धरले तर तीन वर्षांच्या पदवीला 132 आणि चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स घेतल्यास 176 होतात. ही रचना वाईट आहे असे माझे मत नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीने एखादा वाणिज्य शाखेतला विषय शिकावा यात मला काही गैर वाटत नाही. अडचण दुसरीकडे आहे. माहितीपुस्तिकेत मेजरच्या यादीत इतिहास लिहिलेला असतो. पण तो वर्ग प्रत्यक्ष भरेल की नाही, हे किती विद्यार्थी तो विषय घेतात यावर अवलंबून असते. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आम्हाला सरळ सांगण्यात आले की पुरेशी मुले आली तर मेजर चालेल, नाही तर राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर असे घ्यावे लागेल. म्हणजे प्रवेश घ्यायचा इतिहासासाठी आणि विषय कोणता मिळणार, हे कळायचे वर्ग सुरू झाल्यावर. मुलीने त्यांना विचारले, "मग मागच्या वर्षी किती जणांनी घेतला होता?" त्याचे उत्तर मिळाले नाही, आणि ते महाविद्यालय आमच्या यादीतून गेले.

म्हणून अर्ज भरण्याआधी शक्य तितक्या ठिकाणी प्रत्यक्ष जायचे ठरवले. मे महिन्यात महाविद्यालये ओस असतात, विभागांना कुलपे असतात, आणि माहिती देणारी माणसे म्हणजे प्रवेशाच्या खिडकीवर बसलेले लिपिक. त्यांच्यापैकी बहुतेकजण आमच्याशी सौजन्याने बोलले, पण त्यांना गुण आणि शुल्क एवढेच सांगता येत होते. आम्हाला शिक्षकांना भेटायचे होते. एका ठिकाणी शिपाईकाकांनी सांगितले की इतिहासाच्या मॅडम परीक्षेच्या कामासाठी आल्या आहेत, थोडे थांबा. त्या मॅडमनी कामातून वेळ काढून मुलीला समोर बसवले आणि तिने काय वाचले आहे ते आधी विचारले. मग विभागाची स्थिती त्यांनी काही न लपवता सांगितली : पूर्णवेळ शिक्षक किती, निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या आहेत का, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, कोण शिकवते, विभागाचे स्वतंत्र ग्रंथालय आहे का, वर्षातून क्षेत्रभेट होते का. हे प्रश्न आम्ही पुढे प्रत्येक ठिकाणी विचारले. तासिका तत्त्वावर शिकवणारे अनेक तरुण प्राध्यापक मनापासून शिकवतात, हे मला माहीत आहे. पण त्यांची नेमणूक वर्षभराचीही नसते, आणि विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मार्गदर्शक हवा असतो तेव्हा आधी शिकवणारी व्यक्ती तिथे असेलच याची खात्री नसते. अनुदानित पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून नवीन धोरण राबवता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषेचा मुद्दाही तिथेच निघाला. मुलीचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा फार पूर्वीपासून आहे, पण वर्गात शिकवणे कोणत्या भाषेत होते हे महाविद्यालयागणिक बदलते, आणि संदर्भग्रंथ तर बहुतांशी इंग्रजीतच असतात. मॅडमनी तिला सल्ला दिला की उत्तरे हव्या त्या भाषेत लिही, पण पहिल्या वर्षापासून दोन्ही भाषांत वाचायची सवय लाव.

या फिरण्यातून शहराच्या महाविद्यालयांचा इतिहासही आपोआप समोर आला, आणि प्रवेशाचे काही नियम त्यावरूनच उलगडले. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन महाविद्यालयाची सुरुवात 1832 साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेतून झाली. झेविअर्स 1869 साली जेझुइटांनी सुरू केले. एल्फिन्स्टन सरकारी. माटुंग्याचे खालसा महाविद्यालय शीख समाजाने, शीवचे एसआयईएस दाक्षिणात्य मंडळींच्या संस्थेने, तर फोर्टचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढले. दादर-माटुंग्याच्या ज्या महाविद्यालयांना आपण मुंबईची मराठी महाविद्यालये समजतो ती मुख्यतः पुण्याच्या संस्थांनी उभी केलेली आहेत : रुईया 1937 साली शिक्षण प्रसारक मंडळीने, रुपारेल 1952 साली मॉडर्न एज्युकेशन सोसायटीने आणि कीर्ती 1954 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने. म्हणजे या शहरातल्या प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांसाठी दार उघडले आणि पुढे ते सगळ्यांसाठी खुले झाले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

प्रवेशाच्या गणितात तिचा अर्थ असा की धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत निम्म्या जागा त्या त्या समाजासाठी राखीव असतात. 120 जागांची एक तुकडी धरली तर उरल्या 60. त्यानंतर त्याच महाविद्यालयात बारावी झालेल्यांना आधी प्रवेश मिळतो, ज्याला सगळे 'इन-हाउस' म्हणतात. व्यवस्थापनाच्या जागा वेगळ्या. आणि जिथे अल्पसंख्याक दर्जा नाही तिथे सामाजिक आरक्षण लागू होते. हे सगळे वजा झाल्यावर बाहेरून येणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यासाठी ज्या थोड्या जागा उरतात, त्यांतल्या शेवटच्या मुलाचे गुण म्हणजे वर्तमानपत्रात छापून येणारा कट-ऑफ. तो नव्वदीच्या पुढे गेला म्हणजे तिथले अध्यापन त्या प्रमाणात श्रेष्ठ, असे धरून चालण्याला काही अर्थ नाही. त्यातून एवढेच कळते की जागा किती उरल्या होत्या आणि त्यांच्यासाठी किती जण थांबले होते. शिवाय कट-ऑफ संपूर्ण बी.ए.चा असतो, त्यात मानसशास्त्राच्या ओढीने आलेली मुले असतात, अर्थशास्त्रासाठी आलेली असतात, आणि इतिहास मागणारी त्यांत मोजकीच असतात. मुलीला 84 टक्क्यांचे वाईट वाटत होते ते हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावर कमी झाले.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, छायाचित्रे, हमीपत्र आणि आता श्रेयांकांच्या नोंदीसाठी एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक, एवढे सर्वांनाच लागते. आधारवरचे आणि गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः एकसारखे आहे का, हे निकालाच्या आधीच तपासून घ्यावे, कारण आडनाव आधी की नाव आधी यावरूनही एबीसीची नोंदणी अडते. केंद्रीय मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा असेल तर उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, आणि तहसील कार्यालयात मे-जूनमध्ये गर्दी असते, म्हणून तो एप्रिलमध्येच काढलेला बरा. अनुदानित बी.ए.चे शुल्क मध्यमवर्गीय घराला झेपण्यासारखे असते. त्याच इमारतीतल्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाचे शुल्क त्याच्या कितीतरी पट असू शकते, त्यामुळे आपण कोणत्या तुकडीत अर्ज करतो आहोत हे अर्जावरच पाहून घ्यावे.

मेच्या अखेरच्या आठवड्यात पहिली यादी लागली. माटुंग्याच्या ज्या महाविद्यालयाची मुलीला सर्वांत ओढ होती तिथे तिचे नाव नव्हते, इतर दोन ठिकाणी होते. इथे केंद्रीय प्रक्रियेतला आणि या प्रक्रियेतला फरक पुन्हा जाणवला. यादीत नाव आले की कागदपत्रांची पडताळणी करून शुल्क भरायला मोजके दिवस मिळतात, आणि तेवढ्या मुदतीत ते केले नाही तर ती जागा पुढच्या यादीत जाते. दुसऱ्या यादीत आवडीच्या ठिकाणी नाव येईल या आशेवर हातची जागा सोडायची, की ती घेऊन ठेवायची? अनेक पालक एकीकडे शुल्क भरतात आणि दुसरीकडे नाव आले की पहिला प्रवेश रद्द करतात. ठरावीक मुदतीत रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याची तरतूद यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) धोरणात आहे, त्यामुळे यात नियमबाह्य काही नाही. परंतु शाळा सोडल्याचा मूळ दाखला पहिल्या महाविद्यालयात जमा असतो, तो परत मिळवायला वेळ जातो, आणि तोपर्यंत दुसऱ्या ठिकाणची मुदत संपत येते. हे ज्यांना करायचे असेल त्यांनी दाखला परत मिळायला किती दिवस लागतील, हे शुल्क भरतानाच विचारून ठेवावे.

आम्ही दोघी त्या संध्याकाळी सगळे मुद्दे समोर घेऊन बसलो. ज्या दोन ठिकाणी नाव होते त्यांपैकी एक दक्षिण मुंबईत होते, इमारत देखणी, नाव जुने. तिथे इतिहास होता, पण डोंबिवलीहून सकाळच्या तासाला पोचायचे तर पहाटे निघावे लागणार होते. दुसरे तुलनेने कमी गाजलेले, मध्य रेल्वेच्या मार्गावर, आणि तिथेच त्या मॅडम भेटल्या होत्या. तिथे इतिहास मेजर नियमितपणे चालतो, दोन पूर्णवेळ शिक्षक आहेत, आणि विभागाची पुस्तके विद्यार्थ्यांना घरी नेता येतात. मुलगी म्हणाली, "आई, दप्तरखान्यात मी सुट्टीत जाईन. रोज तर मला शिकवणारी माणसे हवी आहेत." मी माझ्या बाजूने एवढेच पाहिले की गर्दीच्या वेळेचा लोकलप्रवास तिला तीन वर्षे झेपेल का, आणि संध्याकाळी वाचायला ताकद उरेल का. आम्ही दुसऱ्या ठिकाणी शुल्क भरले. पुढच्या याद्या लागल्या तेव्हा त्या आम्ही उघडून पाहिल्या नाहीत. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण शिक्षक बदलतात, पदे रिक्त होतात, आणि पुढच्या वर्षी कोणी केवळ या लेखावरून तिथे अर्ज करणे बरोबर होणार नाही. प्रश्न मात्र तेच विचारता येतील.

प्रवेश निश्चित झाल्यावर विषयांचा अर्ज भरायचा होता, आणि तोही घाईत उरकण्यासारखा नव्हता. मायनर म्हणून तिने राज्यशास्त्र घेतले. मी अर्थशास्त्राचा आग्रह धरला होता, कारण वसाहतकाळाचा इतिहास शेतसारा, कापूस आणि कर्ज समजल्याशिवाय कळत नाही असे मला वाटते. विभागातल्या सरांनी मध्यम मार्ग सुचवला की ओपन इलेक्टिव्ह वाणिज्य शाखेतला घ्यावा आणि आर्थिक इतिहासाचे वाचन विभागात करावे, आणि ते तिने मानले. रेल्वे सवलतीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात कार्यालयातून घेतला. इतिहास मेजरचा वर्ग भरला आहे. मुले थोडी आहेत, त्यामुळे शिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखतात.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा अभ्यासक्रम इतिहासासाठी याच महाविद्यालयात सुरू होईल का, की त्या वर्षासाठी दुसरीकडे जावे लागेल, हे आम्ही प्राचार्यांना लेखी विचारले आहे. त्यासाठी विद्यापीठाची मान्यता आणि पुरेसे शिक्षक लागतात, आणि प्रस्ताव पाठवणार असल्याचे त्यांनी सांगितले आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला याचे उत्तर मिळायला हवे, कारण चौथे वर्ष केले तर एम.ए. एक वर्षाची, नाही तर दोन वर्षांची, हे त्यावरच ठरणार आहे.